लिहिण्याची वेळ निराळी, दाखवण्याची वेळ निराळी

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

“मी मिरजेत राहते आणि सांगलीतल्या एका बँकेच्या शाखेत नोकरी करते. २००९ मध्ये दिरांनी त्यांच्या ईमेल खात्यावरून मला एक ब्लॉग सुरू करून दिला. शेजारच्या गल्लीतले सतार-तंबोऱ्यांचे कारागीर, सासूबाईंची उन्हाळी वाळवणे, बँकेत येणारी माणसे अशा साध्यासुध्या विषयांवर मी लिहीत असे. पहिली चार-पाच वर्षे पुण्याहून, मस्कतहून, न्यू जर्सीहून लोक आवर्जून अभिप्राय लिहीत. मग सगळे फेसबुकवर गेले, मीही गेले. तिथे दाद खूप मिळाली. पण गेल्या दोन वर्षांत मला लिहिताच येईनासे झाले आहे. वाक्य पुरे होण्याआधीच ते कोणाला आवडेल, कोणाला खटकेल, हे डोक्यात सुरू होते आणि मी फोन बाजूला ठेवते. २०१९ च्या महापुरावरचा माझा लेख नाव गाळून व्हॉट्सॲपवर फिरला आणि शेवटी ऑफिसच्या ग्रुपवर मलाच परत आला. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणावर लिहिले, तेव्हापासून नणंदबाई माझ्याशी बोलत नाहीत. मुलगी म्हणते, ‘आई, ब्लॉग आता कोण वाचतं? रील कर. आणि लेख तर यंत्रही मिनिटात लिहून देतं.’ तंबोऱ्याच्या जवारीवरचा एक जुना लेख तेवढा कोणी ना कोणी अजून शोधत येते. बाकी शुकशुकाट आहे. हे सगळे बंद करून टाकावे का?”

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

ब्लॉग बंद करू नका. फेसबुकवर लिहिणे मात्र काही महिने थांबवा. तिथे इतरांचे वाचायला, ओळखीच्यांची ख्यालीखुशाली विचारायला काहीच हरकत नाही. नवा मजकूर त्या चौकटीत बसून लिहायचा नाही, एवढेच माझे सांगणे आहे. असे का म्हणते ते जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही विचारले आहे ते ब्लॉग ठेवावा की नाही एवढेच असले, तरी अडचणीचे मूळ दुसरीकडे आहे.

तुमच्या पत्रात वाचकांविषयी पुष्कळ मजकूर आहे. ते कोठून येत, मग कोठे गेले, आता किती उरले, हे तुम्ही बारकाईने टिपले आहे. लिहिण्याच्या क्रियेविषयी मात्र एकच वाक्य आहे: वाक्य पुरे होण्याआधीच ते कोणाला आवडेल आणि कोणाला खटकेल याचा विचार सुरू होतो, हे. माझ्या मते सगळे दुखणे त्या एका वाक्यात आहे. वाचक आटले म्हणून लेखणी थांबली असती, तर ती शुकशुकाट असलेल्या ब्लॉगवर थांबायला हवी होती आणि फेसबुकवर, जिथे तुम्हाला भरभरून दाद मिळत होती, तिथे जोमाने चालायला हवी होती. प्रत्यक्षात ती तिथेच अडली. वाचक थोडे आहेत म्हणून तुमचे अडलेले नाही. वाचक लिहिण्याच्या क्षणीच शेजारी येऊन बसू लागला आहे, म्हणून अडले आहे.

पूर्वी असे का होत नव्हते, ते आठवून पाहा. २००९ मध्ये तुम्ही संध्याकाळी घरी येऊन, सगळ्यांची जेवणे उरकल्यावर, घरातल्या एकुलत्या संगणकापुढे बसत असाल, रोमन अक्षरांच्या कळा दाबून देवनागरी उमटवणाऱ्या एखाद्या सुविधेशी झटापट करत लेख पुरा करत असाल आणि तो ब्लॉगवर चढवून झोपायला जात असाल. मस्कतमधला वाचक तो शुक्रवारच्या सुट्टीत निवांत वाचणार, न्यू जर्सीतली बाई तिच्या सवडीने दोन ओळी लिहिणार, आणि तुम्हाला ते कळेपर्यंत दुसऱ्या लेखाची जुळवाजुळव मनात सुरू झालेली असणार. लिहिणे आणि लिहिलेले लोकांना कसे वाटले ते कळणे, यांच्यामध्ये आपोआप काही दिवस जात. त्या काळाच्या साधनांनी तुम्हाला न मागता मिळालेले ते संरक्षण होते, आणि ते निघून गेले तेव्हा ते काही तरी होते हेसुद्धा आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात आले नाही.

ते कसे गेले, याच्या तारखा तुमच्या स्वतःच्या हकिगतीशी चांगल्याच जुळतात. त्या काळी बरेच वाचक आपल्या आवडीच्या ब्लॉगांची यादी गूगल रीडरसारख्या ठिकाणी करून ठेवत; तुम्ही नवे काही लिहिले की ते त्यांच्या यादीत आपोआप दिसे. १ जुलै २०१३ रोजी गूगलने ती सेवा बंद केली. तुम्ही ज्यांना ‘पहिली चार-पाच वर्षे’ म्हणता ती नेमकी तिथे संपतात. म्हणजे ज्यांना तुम्ही गमावले त्यांतले कित्येक जण तुमच्या लेखनाला कंटाळून गेलेले नव्हते. त्यांचा येण्याचा रस्ताच मोडला होता. दुसरीकडे, फेसबुकवर लाइकचे बटण आले ते तुमचा ब्लॉग सुरू झाला त्याच वर्षी, २००९ च्या फेब्रुवारीत. आता कोणाला काय आणि कधी दाखवायचे हे तिथली गणिते ठरवतात, आणि लोकांचा प्रतिसाद हा त्या गणितांतला एक मोठा घटक असतो. लिहायची जागा, दाखवायची जागा आणि निकाल कळायची जागा ही तिन्ही त्या एका पडद्यावर एकत्र आली, तीही हातातल्या फोनवर. अशा ठिकाणी बसून वाक्य पुरे होण्याआधी त्याच्या निकालाचा विचार मनात येणे हा तुमचा दुबळेपणा नाही. तिथे बसणाऱ्या बहुतेकांचे तेच होते.

याचा परिणाम फक्त वेगावर होत नाही, विषयांवरही होतो. एकदा सवड काढून आपल्याच फेसबुकवरच्या नोंदी क्रमाने वाचून काढा. माझा अंदाज आहे की पहिल्या वर्षी तिथे कारागीर आहेत, बँक आहे, वाळवणे आहेत; आणि पुढे पुढे सण, आठवणी, कोणाच्या जाण्याचे दुःख आणि कशाचा तरी संताप यांचे प्रमाण वाढत गेले असेल. या विषयांवर लिहू नये असे मी म्हणत नाही. पण ते तुम्ही निवडले की ते निवडायची सवय तुम्हाला लावली गेली, हे तपासून पाहावे.

आता तो जवारीवरचा लेख, म्हणजे तारेचा आवाज मोकळा आणि गुंजणारा करण्याच्या कामावरचा. तुम्ही पत्रासोबत त्याचा दुवा जोडला होता म्हणून मी तो वाचला, आणि मग पुन्हा वाचला. मिरजेत तंतुवाद्ये बनतात, शस्त्रांना धार लावणाऱ्या सिकलगार घराण्यांतली माणसे एकोणिसाव्या शतकात या कामाकडे वळली, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ही माहिती आता पुष्कळ ठिकाणी मिळते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सगळ्याच वर्तमानपत्रांनी ती थोड्याफार फरकाने छापली. तुमच्या लेखात तिच्या पलीकडचे काही आहे. कारागीर घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, पाठीवर कानस फिरवतो, फुंकर मारून भुकटी उडवतो, तार छेडतो, मान तिरपी करून ऐकतो आणि पुन्हा कानस उचलतो. मग तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतो, आणि तो केसभर मागेपुढे करताना एका जागी बंद खोलीसारखा वाटणारा आवाज एकदम उघडतो. त्या ऐकण्यासाठी त्याने आत मिक्सर बंद करायला सांगितले होते, आणि आतून वैतागलेल्या सुरात “चटणी अर्धीच राहिली” असे उत्तर आले होते, हेही तुम्ही लिहिले आहे. जवारी किती बारकाईने ऐकावी लागते, हे मला त्या अर्ध्या राहिलेल्या चटणीवरून जसे कळले तसे एरवी कळले नसते.

हा लेख तुम्ही कोणाची दाद डोळ्यांपुढे ठेवून लिहिला असेल, असे मला वाटत नाही. ज्या दिवशी तो तुम्ही चढवला त्या दिवशी त्याला फारसे कोणी विचारलेही नसेल. पण त्याखाली मागच्या वर्षी एका गाणे शिकणाऱ्या मुलीने विचारले आहे की दमट हवेत तंबोऱ्याचा दोरा सारखा सरकवावा लागतो ते बरोबर आहे का, आणि तुम्ही त्या कारागिराला विचारून तिला उत्तर दिले आहे. लेख लिहिल्यानंतर इतक्या वर्षांनी झालेले ते संभाषण मला तुमच्या फेसबुकवरच्या शेकडो बदामांहून मोलाचे वाटते, आणि ते घडू शकले कारण तो मजकूर युनिकोडमध्ये, मोकळ्या पानावर, कोणालाही शोधून सापडेल असा पडून होता. फेसबुकवरची सात-आठ वर्षांपूर्वीची आपली स्वतःची नोंद शोधायची तर तुम्हालाही घाम फुटेल. परक्या माणसाला ती सापडणार कोठून? ज्याला त्याच दिवशी, त्याच घटकेला पोहोचायचे असते असे लिखाण त्या भिंतीवर शोभते. ज्याची गरज कोणाला केव्हा पडेल ते आधी सांगता येत नाही असे लिखाण ब्लॉगवर असावे, आणि तुमचा कल मुळात दुसऱ्या प्रकाराकडे आहे.

तर करायचे काय? लिहिण्याची वेळ आणि दाखवण्याची वेळ एकमेकींपासून तोडा. पूर्वी साधनांमुळे जे अंतर आपोआप पडत होते, ते आता तुम्हाला हाताने पाडावे लागेल. बँकेत दरवर्षी एखादी रोजनिशी उरतेच; ती घ्या आणि पहिला खर्डा तिच्यात लिहा. फोनवर लिहिण्याचीच सवय झाली असेल तर इंटरनेट बंद करून साध्या टिपणवहीत लिहा. खर्डा झाला की निदान एक आठवडा तो तसाच राहू द्या. आठवड्याने वाचताना जे वाक्य केवळ कोणाला खूश करण्यासाठी किंवा कोणाला टोचण्यासाठी आले आहे ते तुमचे तुम्हालाच दिसेल, कारण तोवर त्यातली ऊब गेलेली असते. ते खोडा, उरलेले ब्लॉगवर चढवा. अभिप्रायांचे ईमेल लगेच फोनवर वाजण्याची सोय बंद करा आणि आलेले अभिप्राय आठवड्यातून ठरावीक दिवशी वाचून त्यांना नीट उत्तरे द्या. ब्लॉगच्या आतल्या बाजूला प्रत्येक लेखापुढे किती जणांनी पाहिला तो आकडा दिसत राहतो, म्हणून लेख तिथे बसून लिहू नका. तयार मजकूर घेऊन जा, चिकटवा आणि बाहेर पडा. फेसबुकवर पुढे केव्हातरी परत जायचे वाटले तर तिथे फक्त दुवा द्या.

दिवस ठरलेला असावा आणि लेख लहान असावा. या दोन गोष्टींवर माझा फार विश्वास आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ मध्ये भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लोकहितवादी या टोपणनावाने पत्रे लिहायला सुरुवात केली, तेव्हा ते पंचविशीत होते आणि सरकारी नोकरी करत होते. पुढे ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध झालेली ती १०८ पत्रे साधारण दोन वर्षांत लिहून झाली. एकेक पत्र सुटे पाहिले तर लहान आहे, एका बैठकीत वाचून होते. पण साप्ताहिकाचा वार ठरलेला असल्यामुळे पत्र वेळेवर पुरे करावे लागे, आणि त्यावर उठणारा गदारोळ पत्र छापून झाल्यावर उठे. त्या पत्रांतल्या विचारांचा आवाका तुमच्या-माझ्या लेखनाचा नव्हे, हे उघड आहे. मला त्यांची आठवण झाली ती नोकरी करता करता नियमाने थोडे थोडे लिहिणाऱ्या माणसाच्या शिस्तीसाठी आणि त्या टोपणनावासाठी. तुम्हालाही, विशेषतः बँकेविषयी लिहिताना, टोपणनाव घेण्याचा विचार करता येईल. मात्र नाव बदलले तरी खातेदाराची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन सुटत नाही, आणि तुमच्या शाखेला ओळखणारा माणूस वर्णनावरून माणसेही ओळखू शकतो, हे ध्यानात असू द्या. कोणाची किती शिल्लक, कोणाचे कर्ज थकले, हे कितीही रंगतदार असले तरी तुमच्या लेखनाचा विषय नव्हे.

बँकेत तेवढे वगळूनही लिहिण्यासारखे इतके आहे की मला तुमचा हेवा वाटतो. नोव्हेंबर महिना घ्या. निवृत्तिवेतन घेणारी सगळी माणसे हयातीचा दाखला द्यायला येतात, आणि आयुष्यभर हाताने राबलेल्या एखाद्या आजोबांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजलेल्या असतात की यंत्र त्यांचा ठसाच घेत नाही. आपण जिवंत आहोत हे सांगायला ते समोर उभे असतात आणि कागद मात्र पुढे सरकत नाही. त्या वेळी काउंटरच्या आतले माणूस काय करते, बोट ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवायला सांगते की दुसरे बोट मागते, रांगेतले लोक काय बोलतात, आजोबा हसतात की ओशाळतात, हे तुम्ही पाहता. बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. असा एक प्रसंग, तीनशे-चारशे शब्दांत, पंधरा दिवसांतून एकदा: माझ्या मते तुम्हाला सध्या एवढेच हवे आहे.

या सगळ्याच्या आधी एक काम मात्र ताबडतोब करायला हवे, आणि ते लेखनाचे नाही. तुमचा ब्लॉग दिरांच्या ईमेल खात्यावरून उघडलेला आहे. ते गूगलचे खाते ते अजून वापरतात का? जी वैयक्तिक खाती दोन वर्षे वापरलीच जात नाहीत ती आतल्या मजकुरासकट काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. दिरांना फोन करून त्यांच्याकडून ब्लॉगच्या सेटिंगमध्ये तुमचा स्वतःचा ईमेल लेखक म्हणून जोडून घ्या आणि मग तुम्हाला प्रशासकाचे सगळे अधिकार द्यायला सांगा. त्यानंतर त्याच सेटिंगमधून ब्लॉगची पूर्ण प्रत उतरवून घ्या. त्या फाइलमध्ये लेखांबरोबर अभिप्रायही येतात, आणि तुमच्या बाबतीत अभिप्राय हा निम्मा ठेवा आहे. फोटो वेगळे जपून ठेवा. जवारीचा आणि महापुराचा असे महत्त्वाचे लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही साठवता येतात. पानाचा पत्ता दिला की झाले, पैसे लागत नाहीत. हे जरा जास्त वाटेल, पण जिओसिटीज २००९ मध्ये गेले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आणि याहू ग्रुप्सही डिसेंबर २०२० मध्ये संपले. त्या प्रत्येकाबरोबर मराठीत मनापासून लिहिलेले बरेच काही कायमचे नाहीसे झाले आहे, आणि त्याची नोंदही कोणापाशी नाही. याचे मला खरोखर वाईट वाटते. आजवर तुमचे लेखन टिकले, एवढ्यावर विसंबून राहू नका.

महापुराचा लेख तुमचे नाव गाळून फिरला, हे संतापजनक आहे आणि तुमचा राग रास्त आहे. भारतात कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार लिहिल्याबरोबर तो हक्क लेखकाचा होतो, हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो, आणि आपल्या लेखनाला आपले नाव असावे हा हक्क कलम ५७ वेगळा देते. उद्या एखाद्या अंकाने किंवा पुस्तकाने तो लेख छापला तर ब्लॉगवरची तारीख दाखवून तुम्ही नाव आणि खुलासा मागू शकता, आणि जरूर मागा. पण व्हॉट्सॲपवर पुढे पुढे सरकत गेलेल्या मजकुराचा माग काढणे कोणालाच जमत नाही, तेव्हा त्यात शक्ती घालवू नका. ऑफिसच्या त्या ग्रुपवर एकदा शांतपणे “हा लेख माझा आहे” असे लिहून खाली ब्लॉगचा दुवा द्या. पुढच्या लेखांत आपली ओळख मजकुरातच विणा: माझ्या बहिणीच्या घरात, आमच्या शाखेत, मिरजेहून निघताना. नाव कापणाऱ्याला ते कापता येत नाही.

मुलीचे म्हणणे मला निम्मे पटते. तिच्या वयाची माणसे पुष्कळ गोष्टी पाहून शिकतात, आणि कानस फिरवणारा हात, फुंकर आणि उघडणारा आवाज हे चित्रफितीत शब्दांहून चांगले येईल. तेव्हा कारागिराची परवानगी घेऊन ती रील तिलाच करू द्या, तिच्या नावाने. खाली तुमच्या लेखाचा उल्लेख असावा. तुम्ही मात्र केवळ लोक तिकडे आहेत म्हणून कॅमेऱ्यापुढे उभ्या राहू नका; तिथे तर प्रेक्षकाचा विचार पहिल्याच क्षणापासून करावा लागतो, आणि तुम्हाला सध्या नेमकी त्यातूनच सुटका हवी आहे.

यंत्र मिनिटात लेख लिहून देते हेही खरे आहे. महापुरावर लिही म्हटले तर ते लिहील की सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. हे आकडे महत्त्वाचे आहेत, पण ते कुठे ना कुठे आधीच लिहिलेले होते. तुमच्या लेखात आहे ते असे: पाणी ओसरल्यावर तुम्ही बहिणीच्या घरात शिरलात, तेव्हा कोठीतले गहू भिजून इतके फुगले होते की त्यांनी कोठीचे जड झाकण वर उचलून धरले होते, आणि साऱ्या घराला आंबलेला वास होता. कोणी तरी त्या घरात जाऊन, पाहून, लिहिल्याशिवाय हे कोणत्याही यंत्राकडे येणार कोठून? मुलीला हा एवढाच परिच्छेद वाचून दाखवा. बाकी समजावण्याची गरज पडू नये.

राहिला नणंदबाईंचा प्रश्न, आणि तुमच्या पत्रातला तोच मला सर्वांत जड वाटतो. मी तो लेखही वाचला. तुमच्या रात्रींच्या जागरणांविषयी, औषधांच्या वेळांविषयी, नोकरी आणि शुश्रूषा यांत झालेल्या ओढाताणीविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते तुमचे आहे. ते लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि घरोघरी हेच करत असलेल्या कित्येक सुनांना त्याचा आधार वाटला असेल. पण मधल्या दोन परिच्छेदांत सासूबाईंच्या शरीराची परवशता आहे, भ्रमात त्या काय बोलल्या ते आहे, त्यांना अंथरुणात काय सोसावे लागले ते आहे. हे त्यांचे होते. बरे असताना आल्यागेल्याला त्यांनी स्वतः जे सांगितले असते तेवढे त्यांच्याविषयी लिहावे आणि जे त्यांनी दार लावून घेऊन सहन केले असते ते लिहू नये, अशी रेघ मी अशा वेळी आखते. त्या आता हो किंवा नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने त्यांच्या लेकीने नाही म्हटले आहे. त्यात तुमचा अपमान करण्याचा हेतू मला दिसत नाही. शिवाय तो लेख त्यांनी एकटीने, शांतपणे वाचलेला नसणार; ओळखीच्या-अनोळखी माणसांनी खाली जोडलेले हात आणि रडके चेहरे टाकलेले असताना फोनवर वाचला असणार. आपल्या आईचे शेवटचे दिवस असे समोर येणे कोणालाही सोसवले नसते.

मेसेज करू नका, फोनवरही हा विषय काढू नका. लेखाची छापील प्रत काढा, ते दोन परिच्छेद पेनाने स्वतः खोडा आणि ती प्रत घेऊन त्यांच्या घरी जा. लेखनाचे समर्थन करायला जाऊ नका. हे दोन परिच्छेद मी काढते आहे, उरलेल्यात आणखी काही खटकत असेल तर सांगा, एवढेच म्हणा आणि मग त्यांना बोलू द्या. कदाचित पहिल्या भेटीत त्या काहीच बोलणार नाहीत. बोलल्याच, तर वाळवणांवरचे तुमचे जुने लेखही त्यांना दाखवा. त्या घरात त्या तुमच्या आधीपासून होत्या. पापडाच्या पिठाला पापडखार किती, कुरडयांचा चीक किती दिवस भिजवलेल्या गव्हांचा, हे त्यांनी तुमच्याहून लहान वयात पाहिलेले आहे, आणि तुम्ही लिहिलेल्यात त्यांना चुका सापडल्या तर त्या दुरुस्त करून खाली त्यांचा उल्लेख करण्यात आनंद माना. आणि आजारपणावरचा सगळाच लेख काढा असे त्या म्हणाल्या, तर हुज्जत न घालता काढा. त्यातले तुमच्या स्वतःच्या रात्रींचे जे आहे ते रोजनिशीत राहील, आणि त्यातून दुसरा लेख केव्हाही होऊ शकेल. ब्लॉगवरून तो काढताना फेसबुकवरची प्रत आणि तिच्याखालच्या प्रतिक्रियाही काढायला विसरू नका, कारण नणंदबाईंनी तो तिथेच वाचला असणार.

तुमची,
सल्लागार